मांजरीचं सातवं घर

त्या वैशाखात आमच्या गल्लीतली एक मांजर आपली पिल्लं तोंडात धरून सात घरं फिरली, आणि मला सहाच सापडली. मांजरीला रेबीज होता. सातव्या घरात ती कोणाला चावली असली आणि त्या माणसाला इंजेक्शन मिळालं नाही, तर एकदा अंगात रोग उठल्यावर त्याला कोणी वाचवू शकणार नाही, हे गल्लीत सगळ्यात जास्त मला ठाऊक होतं. मी नर्स. तीस वर्षं सरकारी दवाखान्यांच्या इंजेक्शन रूममध्ये काढली. कुत्रा चावलेले, मांजर चावलेले, माकडानं ओरबाडलेले, सगळे माझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसायचे. आणि माझ्याच गल्लीतलं एक माणूस मला सापडेना.

पाच वर्षं झाली त्याला. आता आठवायला बसलं की भीती नंतर येते, आधी आठवतात ते कूलर.

आमचं घर अमरावतीच्या टोकाला, जिथून पुढे डोंगर सुरू होतो. माझी बदलीची नोकरी. आधी नांदगाव खंडेश्वर, मग तिवसा, शेवटी शहर. शहरात आल्यावर दोन खोल्या बांधल्या आणि एकटी राहू लागले. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर सांगते, वेळ मिळाला नाही. गल्ली मात्र भरलेली होती. मार्च लागला की प्रत्येक खिडकीला बाहेरून कूलर बसायचा आणि प्रत्येक कूलरखाली पाणी गळायचं. कोणी त्याखाली बादली ठेवायचं, कोणी फुटकं घमेलं. डोंगरातलं पाणी आटलं की तिकडची मंडळी आमच्या घमेल्यांवर यायची. उन्हं उतरल्यावर मुंगूस यायचं, दोन पायांवर उभं राहून इकडेतिकडे बघायचं आणि मग प्यायचं. सकाळी ओल्या मातीत कधी कोल्ह्याचे पाय उमटलेले दिसायचे. कूलरच्या ओल्या, वाळ्याच्या ताट्यांचा तो वास आणि खिडकीखाली पाणी पिणारं मुंगूस, मला फार आवडायचं ते. उरलेली पोळी, भाताची खरड आम्ही सगळेच तिथे ठेवायचो. आपण पुण्य करून राहिलो, असंच प्रत्येकाला वाटायचं.

ती मांजरही त्याच पाण्यावरची. राखाडी, एक कान फाटका, कोणाचीच नाही. तिला कोणी नाव ठेवलं नव्हतं आणि कोणी हाकलतही नव्हतं. दुपारी कूलरखालच्या गारव्यात आडवी पडायची. आपण गेलो तरी उठायची नाही, एक डोळा उघडून बघायची आणि परत मिटायची. तिचा हा माज मला आवडायचा, पण घरात मी तिला कधी येऊ दिलं नाही. माझ्या घरात मांजर चालत नाही, हा नियम होता. असे माझे बरेच नियम होते आणि त्यांतले बहुतेक मी बाबांसाठी केले होते.

बाबा आदल्या वर्षी माझ्याकडे आले होते. आई गेली आणि मी त्यांना अकोल्याहून उचलून आणलं, अक्षरशः उचलून. ते नको म्हणत होते. बाबा अकोल्याच्या एका डाळ मिलमध्ये मिस्त्री होते, आयुष्यभर. लहानपणी शाळा सुटली की मी कधी कधी मिलमध्ये जायची. सगळीकडे तुरीच्या डाळीची पिवळी धूळ, मशीनच्या पट्ट्यांचा आवाज, आणि बाबांच्या भुवया पिवळ्या. उंदरांसाठी मिलमध्ये मांजरी असायच्या. त्या कोणी पाळलेल्या नव्हत्या, पण जेवणाची सुट्टी झाली की बरोबर बाबांच्या डब्याशी येऊन बसायच्या. पोळीचा पहिला तुकडा त्यांचा. आई म्हणायची, "पोरीले तुकडा देतानी हात आखडते, अन् मांजरीयले पोळी वाटते हा माणूस." असं काही नव्हतं. मला ते भरपूर द्यायचे. पण आईला बोलायला काहीतरी लागायचं आणि बाबांना ऐकून घ्यायची सवय होती.

मांजर व्याली की ती पिल्लांना सात घरं दाखवते, हे मी पहिल्यांदा मिलमध्येच ऐकलं. तिथे घरं कुठली, तिथे गोदामं. आज मांजर पिल्लं घेऊन या गोदामात, दोन दिवसांनी त्या गोदामात. हमाल पोत्यांवर बसून मोजायचे. सातव्या गोदामात पोचली की बाबा स्वतः जाऊन पाव शेर दूध आणायचे आणि सगळे गोल करून तिला पिताना बघायचे. एवढे धिप्पाड, घामाघूम झालेले लोक एका मांजरीभोवती गप्प उभे असायचे. आजही डोळे मिटले की मला ते दिसतं आणि बरं वाटतं.

तर आमच्या त्या राखाडी मांजरीनं समोरच्या घराच्या जिन्याखाली चार पिल्लं घातली. समोर एक वकील आणि त्यांची बायको राहायची. तिला मी वहिनी म्हणायची. गल्लीतली कोणतीही बातमी आधी वहिनीला कळायची. बुद्ध पौर्णिमेला बाबांनी खीर केली, गल्लीत वाटली, आणि एक द्रोण जिन्याखाली ठेवून आले. मी बघितलं, पण सणाचा दिवस म्हणून काही बोलले नाही. पुढे दहा-बारा दिवसांनी मांजर पिल्लं हलवू लागली. वहिनीनं तिथूनच मला हाक मारली, "ताई, माह्या घरापासून मोजा. सात घरं करून राहिली."

आणि गल्ली मोजायला लागली. लोकांना उन्हाळ्यात दुसरं काही काम नसतं. मांजर आज शिक्षकांच्या पत्र्यावर, उद्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या गोणपाटावर. जिथे जाईल तिथे तिला दूध. आपलं घर तिनं निवडलं याचा लोकांना कोण आनंद. ती फार धावपळ करत होती. भर उन्हात पिल्लू तोंडात घेऊन जायची, मध्येच रस्त्यात ठेवून द्यायची, विसरल्यासारखी भलतीकडे निघायची, परत यायची. दूध ठेवलं तर नुसती वास घेऊन निघून जायची. तोंडाला फेस. लोक म्हणाले, पिल्लू धरून धरून लाळ गळते. वहिनी म्हणाली, बिचारीले घाई झाली, सात पुरी करायची आहे ना. आणि मी, तीस वर्षं इंजेक्शन रूममध्ये बसलेली बाई, मीसुद्धा गॅलरीत उभी राहून हसले आणि म्हणाले, "आज पाचवं."

हे मी लपवत नाही. जनावर एकाएकी बावचळलं, खाईना, पिईना, लाळ गाळतं, हे मी हजार वेळा लोकांना विचारलं असेल. स्टुलावर बसलेल्या माणसाला विचारायला मला येत होतं. माझ्या डोळ्यांपुढे घडत होतं तेव्हा मी घरं मोजत होते.

एका सकाळी ती वहिनीच्या अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांपाशी आली. वहिनी तिला "ये" म्हणाली आणि ती सरळ अंगावर आली. पोटरीला दातांनी धरलं ते सोडेना. वहिनीनं सुपानं मारून सोडवलं. त्याच दिवशी संध्याकाळच्या आत मांजर आमच्याच कूलरखाली मरून पडली. मागचे पाय ताणलेले होते. मी तिच्याकडे बघितलं. सगळं एकदम समजलं, आणि आपण किती गाढव आहोत तेही समजलं.

वहिनीला मी सकाळीच, दवाखान्यातल्या सवयीनं, नळाखाली बसवलं होतं. साबण लावून पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. तिच्या सासूबाई हळद घेऊन आल्या होत्या, त्यांना मी असं काही बोलले की त्या महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मेलेली मांजर बघून वकीलसाहेब म्हणाले, तीनेक आठवड्यांपूर्वी याच कूलरखाली मांजरीची आणि मुंगसाची जबर मारामारी झाली होती, मांजरीच्या मानेतून रक्त आलं होतं. हे त्यांना आता आठवलं. मी म्हटलं, छान.

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर आली. वयानं माझ्या निम्मी, पण काम नीट. हातमोजे घालून तिनं मांजर उचलली, नमुना तपासायला पाठवला. कूलरखालची घमेली बघून तिनं मान हलवली. "मुंगूस, कोल्हा, मोकाट कुत्री, मांजरी, सगळ्यांना तुम्ही एका ताटात जेवायला बसवलंय," ती म्हणाली. "डोंगरात हे एकमेकांना टाळतात. इथे भांडतात." रिपोर्टची वाट न बघता, गेल्या दहा-बारा दिवसांत मांजरीला किंवा पिल्लांना ज्यांनी हात लावला, ओरखडा असो नसो, त्यांना शोधा, असं तिनं मला सांगितलं. हे तिनं सांगायची गरज नव्हती, पण मी तिला तसं म्हटलं नाही.

आता त्या मोजण्याचा उपयोग झाला. कोणत्या दिवशी मांजर कोणाकडे होती, हे गल्लीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं. मी ड्यूटीवरून आले की चप्पल न काढता घराघरांत जायची. पहिल्या दोन घरांत काम सोपं झालं. पुढे लोक गुळमुळीत बोलायला लागले. कोणी हात मागे घ्यायचं, कोणी पदर सावरायचं. किराणावाल्याची सून म्हणाली, आम्ही हातच लावला नाही. मग तिच्याच सासूनं तिचा अंगठा ओढून मला दाखवला. त्यावर दोन बारीक खुणा, आणि वर चुना थापलेला.

"काहून लपवलं?" मी विचारलं.

"ताई, तुमी ओरडता," ती म्हणाली.

मी ओरडलेच. एवढी शिकलेली पोरगी, चुना लावते म्हणजे काय, जीव नको झाला का, सगळं. ती रडायला लागली. रडली तरी मी तिला रिक्षात घालून नेलं आणि टोचून आणलं. माझी ख्याती मला माहीत होती. दवाखान्यात लोक म्हणायचे, या बाई सुईपेक्षा तोंडानं जास्त टोचतात. मला त्याचा थोडा अभिमानही होता. मी म्हणायची, मी ओरडते म्हणून लोक जगतात.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. रेबीजच. गल्लीत हाहाकार उडाला. जे लोक कालपर्यंत दूध घेऊन मागे लागत होते, ते आता उरलेल्या सगळ्या मांजरी पोत्यात भरून चिखलदऱ्याच्या घाटात सोडून यायच्या म्हणाले. एकानं गाडीसुद्धा ठरवली. मी मध्ये उभी राहिले. डॉक्टर म्हणाली होती तेच मी माझ्या भाषेत सांगितलं. तुमच्या मांजरी जंगलात नेऊन सोडाल, त्यांतली एक आजारी असली तर मेळघाटातल्या जनावरांना रोग नेऊन द्याल. आणि इथे जागा रिकामी झाली की दुसऱ्या मांजरी येतील, ज्यांना कोणी लस टोचलेली नाही. त्यापेक्षा याच धरा, याच टोचा, यांचीच ऑपरेशनं करा आणि इथेच राहू द्या. दिवसा एका जागी खायला द्या, उन्हं उतरायच्या आत भांडी उचला, कूलरचं पाणी नळी लावून झाडांना सोडा. वकीलसाहेब म्हणाले, "आणि मुंगूस?" मी म्हटलं, मुंगूस त्याच्या डोंगरात बघून घेईल, तुम्ही त्याला मेजवानी देऊ नका. लोक कुरकुरले, पण ऐकलं. महिनाभरात डॉक्टरनं जाळीचे पिंजरे लावून आमच्या गल्लीतल्या नऊच्या नऊ मांजरी टोचल्या.

पण सातवं घर सापडत नव्हतं. सहा घरांतली माणसं मी शोधली, टोचली. पिल्लं चार होती. एक मेलेलं सापडलं, दोन डॉक्टरनं पिंजऱ्यात नेली, तीही पुढे गेलीच. चौथं कुठेच नव्हतं. लोक म्हणत, मांजर सहावरच मेली असेल, सात झालीच नाहीत. मला पटेना. चौथं पिल्लू कोणीतरी घरात ठेवलंय आणि माझ्या भीतीनं सांगत नाही, हे मला कळत होतं. मी संपूर्ण गल्लीला दम दिला. ज्यानं लपवलं त्यानं मरायची तयारी ठेवावी, असं रस्त्यात उभं राहून म्हणाले. प्रत्येक दिवस जात होता आणि मला झोप लागत नव्हती. तिवश्याला असताना मी एक पेशंट बघितला होता. पाण्याचा पेला पुढे केला की त्याचा गळा आवळायचा. तहान तर लागलेली. त्याची बायको पेला धरून उभी. तो चेहरा मी गल्लीतल्या एकेका माणसाला लावून बघायची.

बाबा या सगळ्यात शांत होते. मी घरी येऊन तणतण करायची, ते ऐकायचे. मे महिन्याचं ते ऊन, भिंतींना हात लावला तर चटका बसावा, आणि बाबा पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बसलेले. मी म्हटलं, "बाबा, हे काय नवीन? बंडी घाला." ते म्हणाले, "मच्छर चावते." मी त्यांच्यावरही ओरडले. मच्छरांसाठी अगरबत्ती आणली आहे, ती लावायची नाही, आणि सदरे घालून घाम काढायचा. ते म्हणाले, "हाव, लावतो."

मांजर मेल्याच्या पाचव्या दिवशी मी मोरी घासत होते. जाळीत काहीतरी अडकलेलं. काढून बघितलं तर कापसाची वात. नीट हातावर वळलेली, लांब. मी ती हातात धरून बसले. आमच्या घरात वातीचं काय काम? आमच्याकडे बुद्धापुढे मेणबत्ती लागते. निरांजन माझ्या घरात नाही, आईच्या घरात नव्हतं, आजीनंही कधी ठेवल्याचं मी ऐकलं नाही. वहिनीकडे रोज वाती वळतात, पण वहिनीची वात माझ्या मोरीत कशी येईल? मी वास घेतला. दूध नासल्याचा वास होता.

मिलमध्ये एखादी मांजर मेली की तिची पिल्लं बाबा अशीच पाजायचे. वात दुधात बुडवायची आणि पिल्लाच्या तोंडात द्यायची. ती चोखत राहायची. मला त्यांनीच दाखवलं होतं.

बाबांच्या खोलीत आईचं शिवणयंत्र होतं. अकोल्याहून येताना त्यांनी तेवढी एकच वस्तू हट्टानं आणली होती. त्याचं लाकडी झाकण उलटं करून यंत्राच्या मागे ठेवलेलं. त्यात आईची जुनी शाल, आणि शालीत चौथं पिल्लू. निपचित पडलेलं, मान लटपटत होती. बाबा पलंगावर बसून माझ्याकडे बघत होते.

"हात दाखवा," मी म्हणाले.

त्यांनी बाही वर केली. मनगटाच्या जरा वर चार खोल खुणा, कडेनं हिरवट झालेल्या. सातवं घर आमचंच होतं.

"मांजरच घेऊन आली," बाबा म्हणाले. "दुपारी माह्या उशाशी ठेवलं पिल्लू. मी उचलाले गेलो तं चावली. लेकराची माय होय ते, चावनच. मले वाटलं, मिलमधल्या मांजरीसारखं सातवं घर माह्या जोळ केलं तिनं. लय बरं वाटलं पोरी."

"अन् मी गल्लीभर बोंबलत हिंडली, तवा?"

"तवा तं अजूनच सांगता येईना." त्यांनी बाही परत खाली ओढली. "तू ओरडशीन म्हून. अन् पिल्लू फेकून देशीन."

मांजर मरायच्या चार दिवस आधी चावली होती. म्हणजे नऊ दिवस. सगळ्या गल्लीची मनगटं तपासणारी मी, जो माणूस रोज माझ्या हातचं जेवत होता त्याचं मनगट नऊ दिवस बघितलं नव्हतं. मला ओरडता आलं नाही. मी त्यांना नळाखाली नेलं, साबण लावला. नऊ दिवसांनी धुऊन फार उपयोग नसतो, तरी पंधरा मिनिटं धुतलं. जनावरांच्या डॉक्टरला फोन केला, ती पिल्लू घेऊन गेली. रिक्षात बाबा माझ्याकडे सारखे बघत होते.

"बोलत काहून नाई?" ते म्हणाले. "बोल ना माय. तू बोलत नाई तं मले भेव वाटते."

दवाखान्यात मी त्यांना माझ्याच स्टुलावर बसवलं. जखमेत आणि भोवतीनं सीरम भरावं लागतं, ते फार दुखतं. धट्टेकट्टे लोक त्याला ओरडतात. बाबांनी हूं की चूं केलं नाही. सुई घालण्याआधी मी सीरमच्या बाटलीवरचं नाव तीनदा वाचलं. तीस वर्षांत कधी एकदाच्या वर वाचलं नव्हतं. ते बघून बाबाच म्हणाले, "घाबरू नोको." मग दोन्ही दंडांवर लस. कार्डावर चार तारखा लिहिल्या. बाबांनी कार्ड खिशात ठेवलं आणि बटण लावलं.

उशिरा दिलेली लस बहुतेक वेळा काम करते. हे मी शेकडो लोकांना छातीठोकपणे सांगितलं होतं. आता बहुतेक हा शब्द मला खायला उठायचा. हा रोग महिना, दोन महिने, कधी त्याहून जास्त लपून बसतो. म्हणून मी बाबांकडे बघत बसायची. ते पाणी प्यायला उठले की हातातलं काम सोडून दाराशी उभी राहायची. घोट खाली उतरला की माझा श्वास सुटायचा. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं, पण बाबा जन्मभर मशीनचा आवाज ऐकून बिघाड ओळखत आलेले. त्यांच्या लक्षात आलंच.

एक दिवस सकाळी चहाच्या आधी त्यांनी मला हाक मारली. पलंगावर बसले होते, हातात पितळेचा पेला, काठोकाठ भरलेला. म्हणाले, "बस अठी. पाह्य." आणि पूर्ण पेला एका दमात पिऊन पलंगावर उपडा ठेवला. "घशाखाली गेलं. आता जा ड्यूटीवर." मी तिथेच बसून रडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "लोक तुले भेतात माय. मीबी भेतो. थोडं कमी कर."

थोडं कमी केलं. इंजेक्शन रूममध्ये माणूस आत आला की मी आधी म्हणायची, आलात ते फार बरं केलं. मग जखम बघायची. चुना, मिरची, तंबाखू काय लावलं असेल ते धुता धुता समजावून सांगायची. आमच्या कंपाउंडरला वाटलं माझी तब्येत बिघडली. पण लोक आधीच्या जखमाही दाखवायला लागले, घरातल्या दुसऱ्या कोणाला चावलं तेही सांगायला लागले. किराणावाल्याची सून तर आता तिच्या माहेरच्या लोकांनासुद्धा माझ्याकडे पाठवते.

पेल्याचा कार्यक्रम मात्र रोज सुरू राहिला. वर्ष उलटलं तेव्हा मी म्हटलं, बाबा, आता धोका गेला, आता दाखवायची गरज नाही. ते म्हणाले, "तुले नसन. मले आहे." आधी मला हे कळलं नाही. मग कळलं. दिवसभरात तेवढीच पाच मिनिटं मी त्यांच्याजवळ काही हुकूम न सोडता बसत होते. पाणी पिऊन झालं की ते मिलमधलं काहीतरी सांगायचे. कोणत्या मांजरीनं किती उंदीर मारले, कोणत्या गोदामात साप निघाला. मी रिटायर झाले तेव्हा ती पाच मिनिटं अर्ध्या तासाची झाली. खिडकीबाहेर आमची टोचलेली, कान थोडा कापून खूण केलेली एक मांजर बसलेली असायची. तिला आत यायची परवानगी नव्हती. ती यायची.

गेल्या कार्तिकात एका सकाळी त्यांनी अर्धा पेला पिऊन खाली ठेवला. म्हणाले, "आज एवढंच बस."

मी भाजी निवडत होते. नवीन सवय चार वर्षांची आणि जुनी जन्माची. मी खेकसले, "अर्धा काहून ठेवला? लहान लेकरासारखं काय करता? पूर्ण प्या."

ते माझ्याकडे बघून हसले. पेला उचलला, हळूहळू, मध्ये दोनदा थांबून उरलेलं सगळं पाणी प्याले, आणि पेला पलंगावर उपडा ठेवला. त्या दुपारी झोपेतच ते गेले. वय झालं होतं, डॉक्टरनंही तेच सांगितलं. मी पण अशा वेळी घरच्यांना कितीदा तेच सांगितलं आहे.

पेला दोन दिवस तसाच उपडा होता. कोणीतरी उचलायला गेलं, तर मी त्यांच्यावर ओरडले.